सोळा थाऊ

माझी नोकरी मोजण्याची आहे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पाईपच्या एका कारखान्यात मी माल तपासतो, म्हणजे दिवसभर पाईपची जाडी, गोलाई आणि लांबी मोजून तक्त्यावर सही करतो. न मोजता सही करायची नाही, हा या कामातला एकमेव नियम. तो न पाळणाऱ्या दोघांशी मी कायमचं वैर धरलं आहे आणि त्यामुळे कारखान्यात माझ्या स्वभावाबद्दल जे बोलतात ते मला ठाऊक आहे. त्यात फारसं खोटं नाही.

हे आधी सांगून टाकलं, कारण दोन वर्षांपूर्वी मी स्वतः एकदा न मोजता सही केली. कागदावर नाही, तोंडाने. पण सही ती सहीच.

झालं असं की वडिलांनी वापरून सोडलेली एक जुनी पेट्रोल गाडी माझ्याकडे आली. छोटी, चार सिलिंडरची, बाजारात कोणी फुकटही घेतली नसती अशी. तिला टर्बो बसवायचं माझ्या डोक्यात शिरलं. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त, आणि पेट्रोल जास्त म्हणून प्रत्येक स्फोट मोठा. पंखा मला भंगारात गेलेल्या एका डिझेल गाडीचा मिळाला. परिवहन खात्याचं या बाबतीत काय म्हणणं असेल याचा विचार मी केला होता आणि मग तो विचार बाजूला ठेवला होता.

पंखा मिळणं सोपं असतं. अडचण आतल्या भागांची असते. पिस्टन, त्याचा जोर क्रँक नावाच्या फिरत्या दांड्यापर्यंत नेणारे कनेक्टिंग रॉड, त्यांचे बोल्ट, हे सगळं कंपनीने ठरावीक जोरासाठी बनवलेलं. जास्त जोर दिला की ते वाकतं किंवा फुटतं. ज्यांच्याकडे पैसा आहे ते परदेशी घडाईचे पिस्टन आणि रॉड मागवतात. माझ्या गाडीच्या बाबतीत तो प्रकार म्हणजे नाकापेक्षा मोती जड झाला असता. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण माझ्या हौसेला होतं. तेव्हा ठरवलं की कंपनीचेच भाग ठेवायचे आणि आहेत तेच जितके मजबूत करता येतील तितके करायचे.

रॉडच्या दोन्ही कडांना साच्याची एक उंचवट्यासारखी रेघ राहिलेली असते. भेग पडायची झाली की तिथून पडते. ती रेघ मी रविवारी रविवारी बसून घासून काढली, तीही उभी, रॉडच्या लांबीच्या दिशेने. आडवा ओरखडा राहिला तर तोच पुढे भेग होतो. मेहरूणला आमच्या घराच्या गच्चीवर हे काम तीन महिने चाललं. बायको म्हणायची की एवढ्या वेळात घरातली भांडी घासली असतीस तर निदान दिसलं तरी असतं. मग चारही रॉड एका स्प्रिंगांच्या कारखान्यात नेऊन त्यांच्यावर बारीक छर्रे मारून घेतले, त्याने पोलादाची कातडी घट्ट होते. बोल्ट नवे, जास्त ताकदीचे घेतले. पिस्टनच्या माथ्यावरच्या धारदार कडा बोथट केल्या, कारण धार तापून लाल होते आणि पेट्रोल अवेळी पेटवते.

चारही रॉड आणि चारही पिस्टन एकाच वजनाचे हवेत, नाहीतर इंजिन थरथरतं. हे वजन ग्रॅमच्या आत जुळवायचं असतं. तसा काटा गॅरेजात कुठून असणार? पण आपण जळगावात राहतो. मी पिस्टन फडक्यात गुंडाळून सराफ बाजारात आमच्या घरच्या सराफाकडे गेलो. त्याने ते काट्यावर ठेवून आधी विचारलं, मोड आहे का. मग म्हणाला, घट धरावी लागेल. असं करत तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला दुकानात लग्नाचं सोनं घ्यायला आलेलं एक कुटुंब बसलं होतं आणि काट्यावरचा काळा पिस्टन पाहून त्यातल्या आजींनी नातसुनेला जवळ ओढून घेतलं. सराफाने वजन चिठ्ठीवर लिहून दिलं, खाली मजुरी शून्य असंही लिहिलं.

एवढं घरी झालं. पण क्रँकच्या तेलाच्या भोकांच्या कडा मोडणं, नव्या बोल्टांमुळे रॉडचं मोठं भोक किंचित लांबट होतं ते पुन्हा गोल करणं, सिलिंडर आतून नितळ करणं आणि रिंगांची फट काढणं, ही कामं लेथ आणि बोरिंग मशीनवाल्याची. जळगावात तशी दुकानं आहेत. पण ज्याला विचारावं तो म्हणायचा, ट्रॅक्टरचं इंजिन असेल तर इथे कर, नाजूक काम असेल तर धुळ्याला नानांकडे जा.

नानांचं दुकान धुळ्यात हायवेच्या बाजूला आहे. पुढे पत्र्याचं छप्पर, आत बोरिंग मशीन, एक जुना लेथ, आणि खिडकीखाली नानांचं लाकडी बेंच. सत्तरीच्या जवळपासचा किडकिडीत माणूस. मुंबई आग्रा रस्त्यावरच्या दोन पिढ्यांच्या ड्रायव्हरांची इंजिनं या माणसाने बांधली. मी गेलो तेव्हा ते बेंचवर बसले होते. माझ्याकडे बघायचं तर ते तोंड थोडं भिंतीवरच्या फळीकडे वळवून, डोळ्याच्या कडेने बघत. मला वाटलं सवय असेल.

मी रॉड हातात दिला. त्यांनी अंगठा त्याच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत फिरवला, मग परत वर नेला.

"उभं घासं ते बरं करं," ते म्हणाले.

मला आनंद झाला, हे कबूल करायला हवं. तीन महिन्यांत त्या कामाला पहिल्यांदा कोणीतरी बरं म्हटलं होतं. त्या एका वाक्यावर मी म्हातार्‍याचा झालो.

फटीवरून मात्र आमचं थोडं वाजलं. पिस्टनभोवती जी रिंग असते ती पूर्ण गोल नसते, एका ठिकाणी कापलेली असते. त्या दोन टोकांमधली फट फार बारीक, थाऊत मोजतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. नवी रिंग डब्यातून येते तेव्हा फट साधारण दहा थाऊ. पण टर्बोच्या इंजिनात उष्णता जास्त. रिंग तापून वाढते, टोकं जवळ येतात, आणि जागा संपली की पावसाळ्यात फुगलेल्या दारासारखी ती सिलिंडरमध्ये अडकते. दार अडकलं तर आपण धक्का मारतो, पिस्टन अडकला तर तुटतो. म्हणून मला फट सोळा हवी होती. नानांच्या हिशेबात हे उलटं होतं. त्यांनी आयुष्यभर फट वाढलेली पाहिली ती झिजलेल्या इंजिनांत.

"सोळा म्हणजे घसाई गयेल इंजिन," ते म्हणाले. मी उष्णतेचं सांगितलं. ते ऐकून ते म्हणाले की तू म्हणतोस ते पटतं, सोळा तर सोळा. सत्तरीचा कारागीर नवी गोष्ट पटल्यावर पटली म्हणतो, हे मी आमच्या कारखान्यात चाळिशीच्या माणसांतही पाहिलेलं नाही.

निघताना त्यांचा मुलगा मला चहाला बाहेर घेऊन गेला. माझ्याच वयाचा, दुकानाचा सगळा बाहेरचा व्यवहार बघणारा, सरळ माणूस. त्याने सांगितलं की नानांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार आहे. समोरचं, मधलं पुसट होत चाललंय, कडेचं तेवढं दिसतं. ऑपरेशनने सुधारण्यातला नाही. चष्म्याचा उपयोग नाही. नाना कोणाला कबूल करत नाहीत. गेल्या काही महिन्यांत दोन कामं परत आली, एक ट्रॅक्टर आणि एक माल वाहणारा टेम्पो. टेम्पोवाला तर इंजिन दुकानासमोर टाकून शिव्या देऊन गेला.

"भाऊ, तुमचं काम ते स्वतः करणार म्हणतात," तो म्हणाला. "हे नीट झालं तर मी एक अक्षर बोलणार नाही. पण हे परत आलं तर बेंचवरचा त्यांचा दिवा आणि मशीनचा स्विच मी काढून ठेवणार. नंतर ते माझ्याशी बोलले नाहीत तरी चालेल."

मी विचारलं, काढून ठेवला तर ते करतील काय. तो म्हणाला, हाच तर प्रश्न आहे, दुकान बंद असतं त्या दिवशी ते धड जेवतसुद्धा नाहीत. त्याला बापाचं वाईट करायचं नव्हतं.

आता कोणीही शहाणा माणूस इथे म्हणेल की मग काम दुसरीकडे न्यायचं. मी नेलं नाही. त्या अंगठ्याला रॉडवरून फिरताना मी पाहिलं होतं. ज्याचा अंगठा असा आहे त्याचे डोळे गेले तर काय बिघडलं, असं मला वाटलं. मोजणारा माणूस असं मानू लागला की समजावं त्याचं काम संपलं, पण तेव्हा ते सुचलं नाही.

तीन आठवड्यांनी नानांचा फोन आला. मी सुट्टी टाकून गेलो. फीलर गेज मी खिशात घेतलं होतं. फट मोजण्याचं हे साधन म्हणजे पोलादी पात्यांचा जुडगा, प्रत्येक पात्यावर त्याच्या जाडीचा आकडा. ते घेतल्याशिवाय मी कुठलंच काम ताब्यात घ्यायला जात नाही.

त्या दुकानात काम ताब्यात देण्याची एक रीत आहे. नाना काम मांडून ठेवतात आणि मागच्या नळावर हात धुवायला जातात. राख आणि साबणाने, चांगली दहा मिनिटं. तेवढा वेळ गिऱ्हाईक कामाजवळ एकटंच असतं. ड्रायव्हर लोकांत अशी समजूत की त्या दहा मिनिटांत कामाला हात लावायचा नाही. हात मागे बांधून उभं राहायचं. नानांनी केलेल्या कामाला पट्टी लावणं म्हणजे त्यांच्या तोंडावर अविश्वास दाखवणं. हे मला दुकानाबाहेर चहा पिणाऱ्या दोन ड्रायव्हरांनी पहिल्याच खेपेला ऐकवलं होतं, आणि अभिमानाने ऐकवलं होतं.

इंजिनाचा ब्लॉक बेंचवर होता. चारही सिलिंडरमध्ये वरची रिंग सरळ बसवून ठेवलेली, चारही फटी माझ्याकडे तोंड करून. क्रँक चकचकीत. रॉडची भोकं गोल. मुलगा दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता.

"मी हात धुईसन येस," नाना म्हणाले. "तू दखी ले."

ते गेले. नळाचा आवाज सुरू झाला. माझा हात खिशात गेला, गेजवर पडला. मी दाराकडे पाहिलं. मुलाची नजर माझ्या त्या हातावरच होती. मी गेज बाहेर काढलं असतं तर त्याला कळलं असतं की मलाही खात्री नाही. आणि फट चुकली असती तर त्याच्यासमोरच, तिथल्या तिथे, नानांचा निकाल लागला असता. मी हात रिकामाच बाहेर काढला आणि मागे बांधला. रिंगांकडे वाकून बघितल्यासारखं केलं. दहा थाऊ आणि सोळा थाऊ यांतला फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. हे मी कारखान्यात नव्या माणसांना शिकवतो.

नाना हात पुसत आले. "बरोबर शे ना?"

"हो नाना," मी म्हणालो. "बरोबर आहे."

त्यांनी मान हलवली आणि रिंगा पिस्टनवर चढवायला घेतल्या. मुलगा दारातून बाजूला झाला. जळगावला परत येताना मी स्वतःवर खूश होतो. एखाद्याचा मान राखला की माणसाला उगाच मोठं झाल्यासारखं वाटतं.

इंजिन बसवलं, टर्बो जोडला, आणि पहिले हजार किलोमीटर गाडी गुणी मुलासारखी चालवली. रोज सकाळी मेहरूण तलावाला फेरी, सुट्टीच्या दिवशी जामनेरला जाऊन परत. जोर दिला नाही. गाडी इतकी छान चालली की मी नानांना फोन करून सांगितलं, एक दिवस दाखवायला आणतो. ते म्हणाले, आण, मला आवाज ऐकायचाय.

एप्रिलच्या अखेरीस गेलो. दुपारची वेळ, ऊन असं की हायवेवर कुत्रंही नव्हतं. धुळ्यात शिरण्याआधी मला वाटलं, एकदा पूर्ण जोर देऊन बघू, मग दाखवू. म्हणून दुकान मागे टाकून तसाच सोनगीरच्या दिशेने पुढे गेलो. रस्ता मोकळा होता. पाय खाली दाबला आणि गाडी अशी निघाली की मी एकट्याने मोठ्याने हसलो. किल्ल्याची टेकडी दिसू लागली तोपर्यंत मी पाय उचललाच नव्हता. मग बोनेटखाली एकदा टक् असा आवाज झाला, गाडीतला जीव गेला, आणि आरशात मागचा रस्ता निळ्या धुरात दिसेनासा झाला.

केळी उतरवून परत निघालेल्या एका पिकअपवाल्याने दोर लावून मला ओढलं. कुठे न्यायची, त्याने विचारलं. धुळ्यात इंजिन घेऊन जाणारा माणूस दुसरीकडे कुठे जाणार? अशा रीतीने नानांना गाडीचा आवाज ऐकवायला मी गाडी दोराने बांधून त्यांच्या दारात नेली.

मुलाने आणि मी मिळून संध्याकाळपर्यंत इंजिन उघडलं. नाना स्टुलावर बसून होते. तिसऱ्या पिस्टनची वरची कड तुटून निघाली होती आणि रिंगचे तीन तुकडे झाले होते. कारण मला पिस्टन बाहेर यायच्या आधीच कळलं होतं. मुलगा काही विचारायच्या आतच मी बोलायला सुरुवात केली. म्हणालो, माझीच चूक, मी टर्बोची हवा वाढवली होती, ठरल्यापेक्षा जास्त, हाव नडली. मी इतकं सफाईने बोललो की मुलाचा चेहरा सैल झाला. तो म्हणालासुद्धा, होतं असं भाऊ, पहिल्यांदा गाडी पळाली की होतं.

नानांनी हात पुढे केला. मी त्यांच्या हातात रिंगचा तुकडा दिला. त्यांनी कापलेल्या टोकावर अंगठ्याचं नख फिरवलं. दोन टोकं एकमेकांवर दाबून घासली की तिथे आरशासारखी चकाकी येते आणि ते टोक गुळगुळीत होतं.

"हवा-बिवा काही नई," ते म्हणाले. "रिंगना टोकं भिडनात."

मुलगा जागच्या जागी थांबला. मी पुन्हा हवेचं सांगू लागलो तर नानांनी तुकडा बेंचवर ठेवला आणि तोंड फळीकडे वळवून माझ्याकडे पाहिलं.

"फट मी कमीच सोडेल व्हती. कमी ऱ्हायनी ते वाढावता येस, जास्ती व्हयनी ते रिंग भंगारमा. माले आकडा दिसत नई. म्हनीसन तुन्हासाठे सोडी. मी इचारं, बरोबर शे का. तू हा म्हना."

मग मला एक एक करून सगळं दिसलं. रिंगा सिलिंडरमध्ये सरळ बसवून फटी माझ्याकडे करून ठेवल्या होत्या. असं कोणी दाखवण्यासाठी ठेवत नाही, मोजण्यासाठीच ठेवतं. दहा मिनिटं नळ चालू होता तो माझ्यासाठी चालू होता. मुलासमोर नानांना आपल्याला दिसत नाही असं म्हणता येत नव्हतं, म्हणून तू बघून घे असं म्हटलं होतं. आणि पंधरा वर्षं मोजण्याचा पगार घेणारा माणूस हात मागे बांधून उभा राहिला होता.

"मन्हा मान राखा तू," नाना म्हणाले. "आन् पिस्टन फोडा."

मला लाज वाटली. कारखान्यात ज्या दोघांशी मी बोलत नाही त्यांची तोंडं आठवली. मी नानांना माफ करा म्हणालो, पण ते त्यात रमणारे नव्हते. मुलगा तेवढ्या वेळात मशीनच्या स्विचपाशी गेला होता. तिथे उभा राहिला, हात वर नेला आणि नुसता तसाच उभा राहिला.

नानांनी त्याला हाक मारून सांगितलं की हे काम अजून पुरं झालेलं नाही. मला सांगितलं की नवा पिस्टन आणि रिंगांचा नवा सेट आण. मी घासतो, आकडा तू वाच. एवढं काम नीट उतरलं तर बेंच माझं, नाही उतरलं तर स्विच तुझा, असं ते मुलाला म्हणाले. मुलाने हात खाली घेतला आणि चालेल म्हणाला.

"आन् खरा आकडा सांगजो," ते मला म्हणाले.

पंधरा दिवसांनी मी पिस्टन सराफाकडून तोलून घेऊन गेलो. तिसऱ्या सिलिंडरला थोडे ओरखडे होते, ते मुलाने मशीनवर नितळ करून ठेवले होते. नाना बेंचवर बसले. बारीक कानस पकडीत आवळली, रिंग दोन्ही हातांत धरली आणि तिचं टोक कानशीवरून एकाच दिशेने ओढू लागले. दोन ओढी झाल्या की रिंग मला देत. मी ती सिलिंडरमध्ये बसवून गेजचं पातं घालायचं आणि आकडा म्हणायचं. अकरा. तेरा. चौदा. चौदा झाल्यावर ते एकच ओढ घेत, मग अर्धी. पहिली रिंग सोळाला उतरली. दुसरी सोळा. चौथी घेताना ते थकल्यासारखे वाटले, तरी तीही सोळा. मुलगा सगळी कामं टाकून बेंचच्या पलीकडे उभा होता. मी आकडा म्हटला की तोही ओठात म्हणत होता. मला त्या दिवसाइतकं चांगलं काम कुठेही झालेलं आठवत नाही.

तिसऱ्या सिलिंडरची रिंग शेवटी घेतली. चौदापर्यंत नेहमीसारखी आली. मग एक ओढ. पंधरा. नानांनी रिंग पुन्हा कानशीवर धरली, मान कलती केली आणि एक अर्धी ओढ घेतली. माझ्या हातात दिली. मी बसवली, सोळाचं पातं घातलं. ते गेलं, पण सैल गेलं. सतराचं घातलं. तेही गेलं, घट्ट पण नीट.

सतराने काहीही होत नाही. सोळा काय आणि सतरा काय, टर्बोच्या इंजिनाला एक थाऊ जास्त फट ही उलट निर्धास्तीची गोष्ट. जगात कुठल्याही मेकॅनिकने ती रिंग नाकारली नसती. पातं माझ्या हातात होतं, मुलगा पलीकडून आकडा वाचू शकत नव्हता, नानांना वाचता येत नव्हता. मी सोळा म्हटलं असतं तर ते सोळाच झालं असतं, आणि त्यात कोणाचंही नुकसान नव्हतं. हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं. नाना मान कलती ठेवून वाट बघत होते.

"सतरा," मी म्हणालो.

मुलाने ओठातला आकडा अर्धवट सोडला. नानांनी कानस पकडीतून काढली, ब्रशने तिचे दात साफ केले आणि ती पुसून फळीवर ठेवली. सगळं त्यांच्या नेहमीच्याच वेगाने. मग मुलाला म्हणाले, स्विच काढून घे. मुलगा जागचा हलला नाही. मी घाईघाईने म्हणालो की नाना, सतरा चालतं, सतरा चांगलंच आहे, मी लिहून देतो.

"चालस ते माले बी ठाऊक शे," नाना म्हणाले. "मी सोळासाठे घासत व्हतू."

ते उठले आणि हात धुवायला न जाता तसेच बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मुलाने दोन दिवसांनी स्विच काढला.

गाडी आता उत्तम चालते, भर उन्हात, पूर्ण जोर देऊनही. तिसऱ्या सिलिंडरमध्ये सतराची रिंग आहे.